मार लागलेल्या दाताचं मूळ विरघळायला लागलं तर काय करायचं

एप्रिलमध्ये, परीक्षा संपल्या संपल्या, एक आई तिच्या दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. शाळेच्या ग्रुप फोटोत त्याचा पुढचा एक दात बाजूच्यापेक्षा जरा वेगळा दिसतोय असं तिला वाटत होतं, बाकी काही नाही. सूज नाही, ठणका नाही, पोरगा सगळं खात होता. नोव्हेंबरात दिवाळीच्या सुट्टीत सायकलवरून पडून हाच दात मुळासकट बाहेर आला होता, बाबांनी रुमालात गुंडाळून ४० मिनिटांत दवाखाना गाठला, तिथे दात परत बसवला, तार लावली, दोन आठवड्यांनी तार काढली आणि मग विषय संपला. पुन्हा कुणी गेलं नाही आणि कुणी बोलावलंही नाही. मी एक्स-रे काढला. शेजारच्या दाताचं मूळ लांबच्या लांब, आणि ह्या दाताचं निम्मं मूळ जागेवर नाही, उंदराने बिस्किट कुरतडावं तशी कडा. पाच महिन्यांत. आई स्क्रीनकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पण मॅडम, त्याला एकदाही दुखलं नाही हो."

मी लहान मुलांच्या दातांची डॉक्टर आहे, सातारा जिल्ह्यात प्रॅक्टिस करते, आणि हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता सविस्तर लिहायलाच बसले. मूळ विरघळणं दुखत नाही. शेवटपर्यंत दुखत नाही बहुतेक वेळा. त्यामुळे दुखायची वाट बघत बसलात तर हातात फार काही उरत नाही, आणि वेळेवर एक्स-रे काढला तर बऱ्याच केसेस थांबवता येतात, म्हणून ह्यात औषधाइतकंच महत्त्व तारखेला आहे.

आधी हे होतं कशामुळे ते समजून घ्या, मग पुढचं सगळं आपोआप कळेल. दुधाचा दात पडला की आपण तो कौलावर टाकतो, त्या दाताला मूळ नसतं हे बघितलंय ना? आधी त्याला मूळ असतंच, चांगलं लांब असतं, पण खालून पक्का दात वर यायला लागला की शरीरातल्या काही पेशी ते मूळ हळूहळू विरघळवून टाकतात. हाड जुनं काढून नवं करायचं काम करणाऱ्या पेशींचीच ती भावंडं. पक्क्या दाताच्या मुळाला त्या हात लावत नाहीत कारण मुळावर एक जिवंत थर असतो आणि मूळ आणि हाड ह्यांच्यामध्ये पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा एक मऊ पडदा असतो. दाताला जोराचा मार बसला, दात हलला, आत घुसला किंवा बाहेरच आला की हा थर आणि हा पडदा फाटतो, चिरडतो, वाळतो. मग त्या पेशींना मूळ म्हणजे हाडच वाटतं आणि त्या कामाला लागतात.

जखम छोटी असेल तर थोडंसं मूळ खरवडलं जातं आणि पडदा परत भरून येतो, ह्याला काहीही उपचार लागत नाही, कित्येकांना कळतही नाही. गडबड दोन प्रकारे होते. एक म्हणजे दाताच्या आतली नस मेलेली असते, तिथे जंतू वाढतात आणि त्यांचं विष मुळातल्या बारीक नळ्यांमधून बाहेर झिरपत राहतं, मग त्या पेशी थांबतच नाहीत. दुसरं म्हणजे पडद्याचा मोठा भाग मेलेला असतो आणि हाड सरळ मुळाला येऊन चिकटतं, मग शरीर मुळाच्या जागी हळूहळू हाड भरत जातं. कोपनहेगनच्या डॉ. येन्स आंद्रेआसेन ह्यांनी १९६० च्या दशकात परत बसवलेल्या दातांचा अभ्यास करून ही विभागणी मांडली आणि आजही आम्ही सगळे त्यावरच चालतो. पहिला प्रकार थांबवता येतो. दुसरा थांबवता येत नाही, सांभाळता येतो. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारा की हे जंतूंमुळे चाललंय की हाड चिकटलंय. मला हा प्रश्न विचारलेला खूप आवडतो, खरंच.

आता पहिला तास. तुम्ही म्हणाल मूळ विरघळायला लागल्यावरचं विचारलं आणि ही पडल्यापासूनचं सांगतेय, पण ह्या आजाराचा निम्मा निकाल मैदानावरच लागलेला असतो. बाहेर आलेला दात कोरडा राहिला तर त्या पडद्याच्या पेशी मरायला लागतात, आणि साधारण ६० मिनिटं कोरडा राहिला की त्या गेल्याच असं धरायचं. म्हणून रुमाल नको, कागदाची पुडी नको, टिश्यू नको, खिसा तर नकोच. दात पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका, घासू नका, माती लागली असेल तर दुधात हलकेच बुचकळा आणि शक्य असेल तर तिथल्या तिथे खाचेत परत बसवा, बाजूच्या दाताकडे बघून दिशा धरा, आणि स्वच्छ रुमाल दातांखाली चावून धरायला सांगून दवाखाना गाठा. हिंमत होत नसेल, पोरगं रडतंय, रक्त बघून आपलेच हात थरथरतायत, तर पेल्यात गार दूध घ्या, फ्रीजमधलं पिशवीचं चालतं, आणि दात त्यात टाकून न्या. दूध नसेल तर लाळेत ठेवा, म्हणजे मुलाला कपात थुंकायला लावून त्यात दात. नळाचं पाणी शेवटचा पर्याय, साध्या पाण्यात त्या पेशी फुगून फुटतात. आणि कृपा करून खाचेत हळद भरू नका, दरवर्षी एक तरी केस अशी येते आणि मला ती आधी सगळी धुऊन काढावी लागते.

हे सगळं फक्त पक्क्या दातासाठी. दुधाचा दात निघाला तर परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या दाताच्या कळीला इजा होते. सहा-सात वर्षांच्या मुलाचा नेमका कुठला दात आहे हे कळत नसेल तर दुधात टाकून घेऊन या, आम्ही बघतो. आणि तास उलटून गेला म्हणून दात फेकूनही देऊ नका, वाढत्या वयाच्या मुलात उशीर झाला तरी आम्ही बऱ्याचदा बसवतो, तो पुढे हाडाला चिकटणार हे माहीत असूनही, कारण तेवढी वर्षं जबड्याचं हाड जागेवर राहतं आणि मूल दातासकट शाळेत जातं.

दवाखान्यात काय व्हायला पाहिजे तेही माहीत असू द्या. दात बसवून बारीक लवचिक तार दोन-तीन दातांवर चिकटवायची, निघालेल्या दाताला २ आठवडे, आत घुसलेल्या किंवा बाजूला सरकलेल्या दाताला साधारण ४ आठवडे. तार लवचिकच हवी, दात थोडासा हलत राहायला हवा, कारण जाड तार महिनोन्‌महिने ठेवून दात जखडून टाकला तर हाड चिकटायचा धोका वाढतो. "चांगली घट्ट बांधा डॉक्टर" असं म्हणणारे वडील मला नेहमी भेटतात, त्यांची काळजी कळते मला, पण इथे घट्ट म्हणजे चांगलं असं नसतं. सोबत अँटिबायोटिक, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं बघायचं, क्लोरहेक्झिडिन ह्या जंतुनाशकाच्या गुळण्या, मऊ ब्रश, आणि दोन आठवडे वरण-भात, खिचडी, उपमा, भाकरी खायची तर दुधात कुस्करून.

सगळ्यात जास्त चुकतं ते ह्याच्या पुढे. दाताचं मूळ पूर्ण वाढलेलं असेल, म्हणजे खालचं टोक बंद झालेलं असेल, तर निघून परत बसवलेल्या दाताची नस जिवंत होत नाही, त्यामुळे २ आठवड्यांच्या आत रूट कॅनाल सुरू करायचंच, तार काढायच्या आधी केलं तर आणखी चांगलं, दात हलत नाही. इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ डेंटल ट्रॉमाटॉलॉजीच्या २०२० च्या गाइडलाइनमध्ये हे स्पष्ट लिहिलंय. लोकांना वाटतं दात तर छान घट्ट झाला, आता कशाला पोराला त्रास, आणि तिथेच जंतूंना मोकळं रान मिळतं. मूळ अजून वाढतंय, टोक उघडं आहे, वरच्या पुढच्या दातांचं हे साधारण दहाव्या वर्षापर्यंत चालतं, तर गणित वेगळं. अशा दातात नस परत जिवंत व्हायची शक्यता असते म्हणून लगेच रूट कॅनाल करत नाहीत, थांबतात. पण थांबणं म्हणजे विसरणं नाही! मुलांच्या मुळातल्या नळ्या रुंद असतात, जंतूंमुळे मुळाची झीज सुरू झाली तर ती आठवड्यांच्या हिशोबात पळते, म्हणून अशा मुलाला पहिले तीन महिने दर महिन्याला तरी एक्स-रेला न्यायचंच. माझ्याकडे आलेल्या त्या मुलाचं नेमकं हेच झालं होतं, टोक अर्धवट उघडं, म्हणून थांबायचं ठरलं असणार, आणि मग थांबायचं राहिलं बाजूला, बघायचंच राहून गेलं.

तारखा लक्षात ठेवायला मी आमच्या पालकांना दिवाळी धरून सांगते. समजा नोव्हेंबरच्या सुरुवातीला, दिवाळीच्या सुट्टीत पडला. मग २ आठवड्यांनी एकदा, ४ आठवड्यांनी म्हणजे डिसेंबर लागताना एकदा, ३ महिन्यांनी म्हणजे संक्रांत झाल्यावर फेब्रुवारीत, ६ महिन्यांनी मेच्या सुट्टीत, आणि मग पुढच्या दिवाळीला. त्यानंतर दर दिवाळीला फराळाला सुरुवात करायच्या आधी एक एक्स-रे, पडल्यापासून निदान ५ वर्षं. टोक उघडं असेल तर मधे जास्तीच्या तारखा डॉक्टर देतील. मोबाइलमध्ये ह्या सगळ्या तारखा त्याच दिवशी टाकून ठेवा, दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या. दर वेळी एक्स-रेचा फोटो काढून घ्या, एका अल्बममध्ये ठेवा, कारण गाव बदलतं, डॉक्टर बदलतात, आणि जुना एक्स-रे समोर असला की "हे आधीपासून असंच होतं की वाढलंय" हे दोन मिनिटांत कळतं, नसला तर अंदाज बांधत बसावं लागतं.

घरी काय बघायचं? दाताचा रंग राखाडी किंवा गुलाबी होतोय का, हिरडीवर पुळी येऊन जाते का, दात परत हलायला लागलाय का, आणि बाजूच्या दाताच्या मानाने आखूड दिसतोय का. दर महिन्याला एकाच जागी उभं करून ओठ वर करून एक फोटो काढा, डोळ्यांना रोज बघून फरक कळत नाही, फोटोत कळतो. दात चमच्याने वाजवून बघायचं काम मात्र घरी करू नका, ते आमच्याकडे. आम्ही आरशाच्या दांड्याने हलकेच ठोकतो, चांगला दात टकटक असा मऊ वाजतो कारण मधे तो पडदा गादीसारखा असतो, आणि हाडाला चिकटलेला दात टणटण वाजतो, स्टीलच्या भांड्यावर नख मारावं तसा. एकदा ऐकलं की विसरत नाही. मी मुलांनाही ऐकवते, शेजारचा दात आणि मग हा दात, आणि बारा वर्षांचं पोर स्वतःच म्हणतं, हा वेगळा आहे.

आता उपचार. एक्स-रेत मुळाला खड्डे दिसतायत आणि त्या खड्ड्यांना लागून हाडातही काळपट डाग आहे, तर हा जंतूंचा प्रकार, आणि इथे एक दिवसही घालवू नका. रूट कॅनाल करायचं, आतली मेलेली नस काढायची, हायपोक्लोराइट ह्या जंतुनाशकाने भरपूर धुवायचं, घासायचं कमी आणि धुवायचं जास्त कारण मुलाच्या मुळाच्या भिंती आधीच पातळ असतात, आणि मग आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरायचं. हे खूप अल्कधर्मी असतं, पीएच साडेबाराच्या आसपास, त्याने जंतू मरतात आणि मुळाच्या बाहेर चाललेलं ते विरघळवण्याचं काम मंदावून थांबतं. नुसती खबरदारी म्हणून भरलं असेल तर महिनाभर पुरतं, झीज सुरू झालेली असेल तर जास्त दिवस, मधे बदलत, एक्स-रे बघत. पण वर्षानुवर्षं तसंच ठेवायचं नाही, पातळ मूळ ठिसूळ होऊन मोडतं. इथे एक गोष्ट आवर्जून सांगते, हे ऐकून एका आजोबांनी मला विचारलं होतं की म्हणजे आपला पानाचा चुनाच ना? केमिस्ट्रीच्या नावाने बघितलं तर जवळचं नातं आहे, पण पानाचा चुना दातात किंवा हिरडीवर अजिबात लावायचा नाही, तोंड भाजतं, आणि मुळाच्या आतल्या नळीत तो पोचतही नाही.

औषध काम करतंय हे कशावरून कळतं? हाडातला काळा डाग भरत येतो आणि मुळाच्या कडेने ती बारीक काळी रेघ, म्हणजे तो पडदा, परत दिसायला लागते. ती रेघ दिसली की मला खूप बरं वाटतं, अजूनही, इतक्या वर्षांनी. मग आत पक्कं भरायचं. टोक उघडं असेल तर आधी तिथे एमटीए किंवा बायोडेंटिनसारख्या सिमेंटचा बूच बसवतात आणि वर गटापर्चा, म्हणजे रबरासारखा पदार्थ, भरतात. गेलेलं मूळ परत उगवत नाही, हे आधीच नीट ऐकून घ्या, जेवढं उरलंय तेवढं वाचवायचं असतं. पण निम्म्या मुळावरही दात कित्येक वर्षं उभा राहतो, त्यामुळे "निम्मं गेलंय तर काढूनच टाका" असं घाईने म्हणू नका.

हाड चिकटलेला प्रकार वेगळा. एक्स-रेत काळा डाग नसतो, उलट मूळ आणि हाड ह्यांच्यातली रेघच पुसलेली असते, दात जराही हलत नाही, टणटण वाजतो. ह्याला थांबवणारं औषध नाही आणि कुणी तसा दावा केला तर मी त्यावर विश्वास ठेवणार नाही. मोठ्या माणसात हे इतकं हळू चालतं की दात दहा-दहा वर्षंही राहतो, फक्त लक्ष ठेवायचं. वाढत्या मुलात मात्र दोन अडचणी होतात. मूळ भराभर हाडात बदलतं, आणि जबडा वाढत असताना हा दात जागच्या जागी रुतलेला राहतो, बाजूचे दात आणि हाड खाली येतात, हा वरच राहतो, त्यामुळे आखूड दिसायला लागतो. ब्रेसेस लावून तो ओढता येत नाही, तो हलतच नाही, उलट शेजारचे चांगले दात त्याच्याकडे झुकतात, म्हणून आधी कधी मार लागला होता हे ब्रेसेसच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.

आखूडपणा १ मिलिमीटरच्या पुढे जायला लागला आणि मुलाची उंची वाढायची अजून बाकी आहे, तर एक फार छान उपचार आहे, डीकोरोनेशन. स्वीडनच्या डॉ. बार्ब्रो मालमग्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये हा मांडला. नाव ऐकून पालक घाबरतात, पण ऐका काय करतात. भूल देऊन हिरडी जरा बाजूला करायची, दाताचा वरचा पांढरा भाग कापून वेगळा करायचा, मूळ मात्र काढायचंच नाही, हाडाच्या कडेच्या दीड-दोन मिलिमीटर खालपर्यंत घासून घ्यायचं, आत रूट कॅनालचं भरलेलं सगळं काढून टाकायचं आणि ती नळी रक्ताने भरू द्यायची, मग हिरडी वर ओढून टाके. ते मूळ पुढे हळूहळू हाडातच बदलून जातं, आणि वर नवीन हाड चढतं, त्यामुळे जबड्याची रुंदी-उंची टिकते. असा चिकटलेला दात उपटायला गेलं तर पुढचं हाड तुटून येतं आणि तिथे खड्डा पडतो, मग अठराव्या-विसाव्या वर्षी इम्प्लांट बसवायला हाडच शिल्लक नसतं. एका मुलीचा, आठवीतली होती, कापलेला तिचाच दात मी मागून घासून, साफ करून शेजारच्या दोन दातांना चिकटवून दिला. टाक्यांच्या सुजेतही तिने आरशात बघितलं आणि आईला म्हणाली, अगं माझाच आहे. इम्प्लांट वाढ पूर्ण होईपर्यंत बसवत नाहीत, कारण इम्प्लांटही हाडाला चिकटलेलाच असतो, तोही रुतून राहील.

मोठ्या माणसांसाठी थोडं. बाइकवरून पडून दहा वर्षं झाली, दात कधी दुखला नाही, आणि सहज काढलेल्या एक्स-रेत काहीतरी निघालं असं तुमच्यातल्या कुणाचं झालं असेल. नस जिवंत असताना आतून दात पोखरला जाणं हा एक प्रकार, एक्स-रेत नळीच्या मधोमध फुगा आल्यासारखं दिसतं, कधी दात गुलाबी दिसतो. ह्याचा उपचार सोपा आहे, वेळेत झाला तर. रूट कॅनाल करून नस काढली की पोखरणाऱ्या पेशींचा रक्तपुरवठाच तुटतो आणि काम तिथेच थांबतं. फुगा आरपार गेला असेल तर भोक सिमेंटने बुजवावं लागतं. दुसरा प्रकार हिरडीच्या कडेला, दाताच्या मानेपाशी बाहेरून सुरू होतो आणि आत वेड्यावाकड्या वाटा काढत जातो, तोही गुलाबी दिसू शकतो, म्हणून दोन्ही सारखेच वाटतात. तिरक्या कोनातून दुसरा एक्स-रे काढला की आतला फुगा नळीवरच राहतो आणि बाहेरचा डाग बाजूला सरकतो. तरी शंका राहिली तर सीबीसीटी, म्हणजे दाताचा थ्रीडी स्कॅन, काढायला सांगतील, तो खर्च इथे वाया जात नाही कारण खड्डा किती खोल आणि कुठल्या बाजूला हे त्याशिवाय कळत नाही. छोटा असेल तर हिरडी उघडून, खरवडून, सिमेंट भरून भागतं, नसेपर्यंत पोचला असेल तर सोबत रूट कॅनाल, आणि फारच पसरला असेल तर आहे तसा ठेवून चालेल तितके दिवस वापरायचा किंवा काढायचा. हे डॉक्टरांशी बसून ठरवा, एकाच्या मताने समाधान झालं नाही तर दुसऱ्याला दाखवा, ह्यात कुणी रागवायचं कारण नाही.

नुसता मार लागला, दात निघाला नाही पण हलला, तेव्हा एक गोंधळ होतो. थंड लावून बघितलं, दाताला काहीच कळलं नाही, म्हणून लगेच नस मेली असं धरून रूट कॅनाल करून टाकतात. मार लागल्यावर नस काही आठवडे, कधी ३ महिनेही, बधिर राहू शकते आणि नंतर परत उत्तर द्यायला लागते. त्यामुळे फक्त ह्या एका टेस्टवर घाई नको, रंग, पुळी, एक्स-रे असं दुसरं काही तरी लक्षण हवं. पण एक्स-रेत मुळाची झीज दिसली तर मात्र थांबायचं नाही. ह्या दोन वाक्यांत उलटसुलट वाटेल, पण ह्यातला फरक एक्स-रे सांगतो, म्हणून तर तारखा पाळा म्हणते.

खर्चाचं टेन्शन असेल तर सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत सेंट जॉर्जच्या आवारातलं आणि महापालिकेचं नायर, नागपूरचं, छत्रपती संभाजीनगरचं, तिथे मुलांचा आणि रूट कॅनालचा विभाग वेगवेगळा असतो आणि अशा केसेस तिथले शिक्षक मनापासून बघतात. केसपेपरसाठी सकाळी लवकर जा, जुने एक्स-रे, पडल्याची तारीख, दात बाहेर किती मिनिटं होता आणि कशात ठेवला होता हे कागदावर लिहून न्या. ही चार माहिती नीट मिळाली तर डॉक्टरचं निम्मं काम होतं.

त्या एप्रिलमधल्या मुलाचं सांगायचं राहिलं. त्याच दिवशी आत उघडून धुतलं, कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरलं, दर महिन्याला बोलावलं आणि ती आई एकही तारीख न चुकवता आली, पावसात एसटीने दीड तास. गणपतीच्या आधी हाडातला काळा डाग भरून आला, पुढच्या बाजूला रेघ दिसायला लागली, मग एमटीए टाकून पक्कं भरलं. मागच्या बाजूला मात्र रेघ आली नाही, तिथे हाड चिकटलंय, ती ४० मिनिटं रुमालात राहिल्याची खूण. आता तो तेरा वर्षांचा आहे, दात आहे, घट्ट आहे, शेजारच्यापेक्षा जेमतेम अर्धा मिलिमीटर आखूड. डीकोरोनेशन कधी करायचं ते त्याच्या उंचीवर ठरेल, म्हणून मी त्याला दर वेळी आधी दारातल्या मोजपट्टीला उभा करते आणि मग खुर्चीत बसवते. दिवाळीची तारीख त्याच्या आईनेच मला मेसेज करून आठवण दिलीय.